केल्टिक की सेल्टिक?

प्रश्न असा आहे: 'फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात लोरियाँ नावाचं बंदराचं शहर आहे. तिथे दर ऑगस्टला लोकसंगीत आणि नृत्याचा मोठा महोत्सव भरतो. त्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. मी सगळीकडे केल्टिक लिहिलं होतं, मुद्रितशोधकांनी ते सगळीकडे सेल्टिक केलं. बरोबर कोणतं? आणि बोंबार्द, फेस्ट-नोझ, केली या शब्दांना मराठीत काय म्हणावं?'

निकाल आधी सांगतो, कारण लेख छपाईला जायचा असेल. सर्वसाधारण विशेषण म्हणून केल्टिक लिहा. विशेषनामात तिथली माणसं 'स' उच्चारत असतील, तर तेवढ्या जागी 'स' ठेवा. दोघांचीही गफलत झाली ती 'सगळीकडे'मुळे.

आता कारण. ग्रीकांनी पश्चिम युरोपातल्या एका प्राचीन लोकसमूहाला केल्तोइ म्हटलं आणि रोमनांनी केल्ताए. गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, युद्धांचा वृत्तांत लिहिताना सीझरने सुरुवातीलाच नोंदवलंय की, आम्ही ज्यांना गॉल म्हणतो ते स्वतःच्या भाषेत केल्त म्हणवतात. सीझरच्या लॅटिनमध्ये या शब्दाचं पहिलं अक्षर स्वच्छ 'क' होतं. पुढे लॅटिनच्या पोटी ज्या भाषा जन्मल्या, त्यांतल्या बहुतेकींमध्ये इ-ए या स्वरांच्या आधीचा 'क' मऊ होत गेला आणि फ्रेंचमध्ये तो 'स' झाला. लॅटिनमध्ये शंभराला केन्तुम, फ्रेंचमध्ये साँ. असं का होतं हे कळायला आपलीच भाषा पुरे. 'त्याचा' आणि 'त्याची' मोठ्याने म्हणून पाहा. प्रत्यय तोच, लिपीतला 'च' तोच, पण पुढे 'ई' आली की जीभ टाळूकडे सरकते आणि उच्चार बदलतो. (शंभराला आयरिशमध्ये 'केद' म्हणतात, तिथे जुना 'क' टिकला. आपलं 'शत'ही मुळात त्याच शब्दाचं भावंड, पण त्यातला 'श' फार आधीच्या, निराळ्या बदलातून आला.)

इंग्रजीने हा शब्द सतराव्या शतकात फ्रेंचकडून घेतला, तो 'स'सकट. १७०७ साली एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने आयरिश, वेल्श, कॉर्निश आणि ब्रिटनीची ब्रेतों या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत हे सविस्तर मांडलं, आणि त्या कुळाला हे नाव चिकटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासकांनी ग्रीक-लॅटिन मुळाकडे परत जाऊन 'क' आणला आणि पुढे तोच रूढ झाला. जुनी नावं मात्र बदलली नाहीत. ग्लासगोचा १८८७ सालचा फुटबॉल क्लब 'सेल्टिक', बोस्टनचा बास्केटबॉल संघ 'सेल्टिक्स'. त्याच ग्लासगोत १९९४ पासून दर जानेवारीत होणारा संगीत महोत्सव मात्र 'केल्टिक कनेक्शन्स'. शहर एक, अक्षरं तीच, उच्चार दोन. मराठीत हे दोन्ही उच्चार आहेत तसे लिहिता येतात. ती सोय देवनागरी आपल्याला देते, तर ती वापरावी.

तुमचा लेख ज्या महोत्सवावर आहे, तिथे गंमत आणखी वाढते. १९७१ साली सुरू झालेल्या या महोत्सवाचं फ्रेंच नाव 'फेस्तिवाल अँतेरसेल्तिक', म्हणजे 'स'. तिथे नाचणाऱ्या ब्रेतों मंडळांना 'सेर्कल सेल्तिक' म्हणतात, तिथेही 'स'. पण ब्रेतों भाषेत 'क'च, आणि त्यातही त्या कुळाचा खास स्वभाव दिसतो: काही शब्द आधी आले की नामाचं पहिलं व्यंजनच पालटतं. 'केल्तेद' म्हणजे केल्ट लोक, पण आधी 'आर' लागला की 'आर गेल्तेद'. महोत्सवाचं ब्रेतों नाव म्हणूनच 'एमवोद आर गेल्तेद', केल्टांचा मेळावा. आयरिश आणि वेल्शमध्येही या शब्दाची सुरुवात 'क'नेच होते. ज्यांचं नाव आहे त्यांच्या भाषांमध्ये 'क' आहे. माझा कौल केल्टिकला आहे तो मुख्यतः यामुळे. लॅटिनचा आधार त्यानंतरचा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला उच्चाराहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे हे विशेषण कुठे लावायचं. भाषाशास्त्रात केल्टिक म्हणजे एक भाषाकुळ. लोरियाँच्या मिरवणुकीत मात्र आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि ब्रिटनी यांच्या जोडीला स्पेनमधले गॅलिसिया आणि अस्तुरियास हेही प्रांत असतात. त्या दोन प्रांतांच्या भाषा लॅटिनच्या लेकी. त्यांना या मेळ्यात आणलं ते 'गाइता' या त्यांच्या बॅगपाइपने आणि प्राचीन वारशाबद्दलच्या त्यांच्या अभिमानाने. म्हणजे संगीतातलं केल्टिक हे भाषेतल्या केल्टिकहून ऐसपैस आहे, आणि 'केल्टिक महोत्सव' म्हणताना ते शोभतं. पण 'केल्टिक नर्तकांनी केल्टिक नृत्य केलं' हे वाक्य वाचकाला काहीच दाखवत नाही. हात अंगालगत सरळ ठेवून पायांनी ताल वाजवणारी मुलगी आयरिश नर्तकी आहे. एकमेकांच्या करंगळ्या गुंफून लांबच लांब साखळीत 'आन द्रो' नाचणारे लोक ब्रेतों आहेत. त्यांना त्यांच्या नावाने लिहा. 'दक्षिण आशियाई नृत्य' म्हणून कोणी लावणी आणि कथकली एका ओळीत उरकली, तर आपल्याला कसं वाटेल?

आता उरलेले शब्द. बोंबार्द सनईच्या कुळातलं आहे, दुहेरी पत्तीचं, म्हणून पहिल्या उल्लेखाला 'सनईसारखं बोंबार्द' म्हणावं आणि पुढे नुसतं बोंबार्द. सरळ 'सनई' लिहू नये. आवाज बराच कर्कश आणि जोरकस आहे, दमही इतका लागतो की वादक मध्येमध्ये थांबतो आणि जोडीचा 'बिनिऊ', म्हणजे तिथला छोटा बॅगपाइप, धून पुढे चालू ठेवतो. गाण्यातही हीच देवाणघेवाण आहे. 'कान हा दिस्कान' या प्रकारात एक जण ओळ म्हणतो, दुसरा तिचा शेवट झेलून तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि त्यावर लोक नाचतात. त्या दुसऱ्या गायकाला तुम्ही लेखात 'साथीदार' म्हटलं असेल तर ते खोडून 'झीलकरी' करा. पोवाड्याच्या फडातला हा शब्द इथे जवळजवळ बिनचूक बसतो.

फेस्ट-नोझ म्हणजे शब्दशः रात्रीचा उत्सव. २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं. भाषांतर करू नका. एकदा अर्थ सांगा आणि शब्द ठेवा. वेल्समधल्या 'आयस्तेद्वोद'बद्दल मात्र मी उलट सांगेन. गाण्या-कवितेच्या त्या स्पर्धा-महोत्सवाच्या नावात 'बसणे' हा धातू आहे. कंसात 'बैठक' असा अर्थ दिलात, तर मराठी वाचकाला तो क्षणात पोचेल. आयरिश पबमध्ये वादक गोल करून बसतात, त्या 'सेशन'लाही बैठकच म्हणावं, खुशाल म्हणावं.

शेवटी 'केली'. मूळ अर्थ शेजाऱ्यांकडे संध्याकाळी गप्पांना जाणं. 'सोबती' या अर्थाच्या जुन्या आयरिश शब्दापासून तो आला. जाहीर नाचाच्या कार्यक्रमाला हे नाव ठळकपणे मिळालं ते आयर्लंडमध्ये नव्हे, लंडनमध्ये: ३० ऑक्टोबर १८९७ रोजी गेलिक लीग या आयरिश भाषेच्या प्रसारासाठी झटणाऱ्या संस्थेने ब्लूम्सबरी हॉलमध्ये भरवलेल्या कार्यक्रमाला. आपल्या 'जलकेली'तल्या 'केली'शी त्याचा काही संबंध नाही. ध्वनी जुळला, इतकंच. पण 'रात्री केली झाली' हे वाक्य मराठीत क्रियापदापाशी अडखळतं. म्हणून पहिल्यांदा 'केलीनृत्य' किंवा 'केलीची मैफल' लिहा. लिंग स्त्रीलिंगीच बरं, मैफलीसारखं: ती केली, केलीला, केलीत. बोंबार्द नपुंसकलिंगी, वाद्याप्रमाणे. फेस्ट-नोझ पुल्लिंगी, उत्सवाप्रमाणे. बोंबार्द, बॅगपाइप आणि ढोल यांचं ब्रेतों पथक म्हणजे 'बगाद', तेही नपुंसकलिंगी, पथकाप्रमाणे. लोरियाँला या बगादांची स्पर्धा होते. तिचा उल्लेख तुमच्या लेखात आला नसेल तर जरूर घाला.