होमस्कूलिंगचं टाइमटेबल रोज का कोलमडतं

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा दहाचा, मुलगी सहाची, चार महिन्यांपूर्वी दोघांना शाळेतून काढलंत, तुम्ही स्वतः घरूनच अर्धवेळ काम करता, भिंतीवर नऊ ते तीनचं टाइमटेबल लावलंय, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास पाडून, आणि तरी अकरा वाजेपर्यंत घरात कोणीतरी रडलेलंच असतं, बऱ्याचदा तुम्हीच. आणि मग अगदी शेवटी एका ओळीत विचारलंय, मुलाच्या करिअरचं मी वाटोळं तर करत नाहीये ना?

आधी तेच सांगते. नाही करत आहात. दहाव्या वर्षी करिअरचं वाटोळं होत नसतं हो. पुढे कुठल्याही फील्डमध्ये जायचं तरी या वयात लागतं काय, तर नीट वाचता येणं, समजलेलं सांगता-लिहिता येणं, गणिताचा पाया आणि अभ्यासाचा धसका नसणं. यातलं शेवटचंच तुमच्याकडे सध्या डळमळतंय, म्हणून आधी त्या टाइमटेबलबद्दल बोलू.

शाळेला पाच-सहा तास का लागतात बघा ना. वर्गभर मुलं, हजेरी, वह्या काढा, फळ्यावरचं उतरवून घ्या, कोणाचं राहिलंय म्हणून बाकीच्यांनी थांबा, मग पुढचे सर येईपर्यंत गोंधळ. घरी एकाला समोर बसवून शिकवताना यातलं काहीच नसतं, मग तेवढे तास भरायचे कशाने? माझ्याकडे येणाऱ्या घरांचा अनुभव असा की सहाच्या मुलीला तासभर आणि दहाच्या मुलाला दोन-अडीच तास बसून अभ्यास पुष्कळ झाला, तोही सलग नाही. शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या शिक्षिका होत्या (१८४२-१९२३), घरी शिकवणाऱ्या आयांसाठी त्यांनी खूप लिहिलंय, लहान मुलांचा पाठ वीस मिनिटांच्या वर न्यायचाच नाही असं त्यांचं म्हणणं, आणि वाचून दाखवलेलं मुलाने लगेच आपल्या शब्दांत सांगायचं. हे दुसरं तर आजपासूनच सुरू करा, गोष्ट आणि विज्ञान दोघांना एकत्रच वाचून दाखवा, आधी धाकटीला सांगू दे, मग दादा तिचं राहिलेलं सांगेल. गणित आणि वाचन मात्र वेगवेगळं घ्या, तिथे वयातला फरक आडवा येतोच.

आता तुम्ही पत्रात लिहिलेलं ते अपूर्णांकाचं पान, ज्यावर त्या दिवशी रडारड झाली. मुलगा १/३ हा १/२ पेक्षा मोठा म्हणतो, कारण ३ मोठा. हा हट्ट नाही हो, इतके दिवस मोठा आकडा म्हणजे मोठी संख्या हेच तर त्याने बघितलंय! पुस्तक बाजूला ठेवा. सारख्या लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक मधोमध दुमडायला सांगा, दुसरीचे तीन सारखे भाग (पहिल्यांदा वाकडे होतील, होऊ द्यात), एकेक भाग कापून शेजारी-शेजारी ठेवायला लावा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही. तो बघेल, पुन्हा लावून बघेल, मग स्वतःच बोलेल. नंतर तिसऱ्या पट्टीचे सहा भाग, त्यातले दोन त्या १/३ वर बरोब्बर बसतात हे त्याच्या हाताला कळू दे. झालं, त्या दिवसाचं गणित संपलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या न काढता सहज एक प्रश्न, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. नवं पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं, म्हणून एकाच दिवशी वीस गणितं घोटून घेण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

तुमच्या दिरांचं म्हणणं की अनस्कूलिंग करा, म्हणजे ठरवून काही शिकवूच नका, मुलं आपोआप शिकतात. हा शब्द रूढ केला जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने, १९७७ मध्ये अशा कुटुंबांसाठी त्यांनी नियतकालिकही काढलं होतं. मुलांच्या कुतूहलावर त्यांचा जो विश्वास होता तो मला मनापासून पटतो, दुपार पूर्ण मोकळी ठेवा ती त्यासाठीच. पण वाचन आणि गणित अगदी वाऱ्यावर सोडा असं मी तुम्हाला तरी सांगणार नाही, तुमच्या मनातली धाकधूक त्याने वाढेलच.

आणि तुमचं काय? पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाच आहे, ‘ते संध्याकाळी येतात’ एवढाच. संध्याकाळचं वाचन त्यांच्याकडे द्या, पूर्णपणे, कसं घेतात ते बघायलाही जाऊ नका. दुपारी एक तास सगळ्यांनी आपापल्या कोपऱ्यात, काहीही करा पण आईला हाक नाही. सुरुवातीला पाच मिनिटंही टिकणार नाही, हळूहळू जमेल.

करिअरसाठी आत्ता करायचं ते एवढंच, एक वही घाला आणि रोज तारीख टाकून दोन ओळी लिहा, काय वाचलं, काय बनवलं, कशात रमला. बाहेरून परीक्षा देण्याची तुमच्याकडे काय सोय आहे, वयाची अट काय, प्रॅक्टिकल कुठे होतात, हे तो बारा-तेराचा होईपर्यंत विचारून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते ती याचीच. मधेच त्याला परत शाळेत जावंसं वाटलं तर जाऊ द्या, त्यात कोणाची हार नाहीये, आणि तेव्हाही हीच वही दाखवायला होईल.

भिंतीवरचं ते टाइमटेबल आजच काढा. तीन आठवड्यांनी त्या वहीची चार पानं मला पाठवा, तो कशात रमतोय ते बघून पुढचं बोलू.