ब्लॅकबेरीचा प्लेबुक का चालला नाही, आणि एवढ्या नोकऱ्या का गेल्या?

तुम्ही विचारलंय की बाबांच्या कपाटात ब्लॅकबेरीचा प्लेबुक टॅब्लेट सापडला. एवढ्या मोठ्या कंपनीचा टॅब्लेट खपला का नाही, त्यानंतर इतक्या लोकांच्या नोकऱ्या का गेल्या, आणि ती कंपनी आज आहे तरी का?

मी पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तुमच्या हातातल्या त्या टॅब्लेटच्या पोटात जी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, तिच्याच नव्या आवृत्तीवर माझं रोजचं काम चालतं. त्यामुळे हा प्रश्न दिसला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझं मत आधी सांगतो. प्लेबुक ही चांगली वस्तू होती. पण कंपनीने आपलं नवं इंजिन, म्हणजे नवी प्रणाली, ज्या गाडीवर घर चालत होतं तिच्यात, म्हणजे फोनमध्ये, न बसवता आधी दुसऱ्याच गाडीत, म्हणजे टॅब्लेटमध्ये, बसवलं. त्यात जो वेळ गेला तो पुढे भरून निघाला नाही, आणि नोकऱ्या गेल्या त्या मुख्यतः त्या गेलेल्या वेळेपायी.

कंपनीचं तेव्हाचं नाव रिसर्च इन मोशन, सगळे 'रिम' म्हणायचे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वॉटर्लू या गावात माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ मध्ये ती सुरू केली. जिम बाल्सिली १९९२ मध्ये आले. त्यांचे फोन घडवले होते कमी मेमरी, छोटी बॅटरी आणि धीमं नेटवर्क गृहीत धरून. त्या चौकटीत ते अफाट होते. ऑफिसचा मेल खिशात येतो, तोही सुरक्षित, ही गोष्ट लोकांना पहिल्यांदा त्यांनी दाखवली. आपल्याकडेही आधी साहेबांच्या पट्ट्याला ब्लॅकबेरी असायचा, मग स्वस्त कर्व्ह आला आणि कॉलेजची मुलं नंबरऐवजी बीबीएमचा, म्हणजे ब्लॅकबेरीच्या मेसेजिंग सेवेचा, पिन मागू लागली. मीही त्यातलाच. त्या कीबोर्डवर अंधारात न बघता टाइप करता यायचं, आणि तो सराव अजून अंगठ्यांत आहे.

२००७ मध्ये आयफोन आला आणि ती चौकटच बदलली. खरंखुरं वेब ब्राउझर आणि बोटाने चालणारा मोठा पडदा लोकांना हवासा झाला. रिमने नोव्हेंबर २००८ मध्ये घाईघाईने स्टॉर्म आणला, पडदा दाबला की बटणासारखा 'टक' व्हायचा. आत मात्र जावा या प्रोग्रामिंग भाषेवर बेतलेली जुनीच प्रणाली. तिला किती ताणणार? हे ओळखून एप्रिल २०१० मध्ये त्यांनी क्यूएनएक्स ही त्याच नावाची प्रणाली बनवणारी कंपनी हार्मन या ऑडिओ उपकरणांच्या कंपनीकडून विकत घेतली.

इथे थोडं थांबतो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. क्यूएनएक्सचा गाभा अगदी लहान ठेवलेला असतो, त्याला मायक्रोकर्नल म्हणतात. ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, नेटवर्क हे सगळं त्या गाभ्याच्या बाहेर, आपापल्या कप्प्यात चालतं. आवाजाचा ड्रायव्हर कोसळला तर तेवढाच पुन्हा उभा करायचा, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. वाड्यात एका खोलीचा फ्यूज उडाला म्हणून शेजारच्या बिऱ्हाडात अंधार होत नाही, तसं. अशी प्रणाली हाती येणं म्हणजे कंपनीला दुसरा जन्मच होता. निवड चोख होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पण त्याच एप्रिलमध्ये आयपॅड दुकानात आला, आणि रिमने क्यूएनएक्स आधी टॅब्लेटवर चढवायचं ठरवलं. सप्टेंबर २०१० मध्ये प्लेबुक दाखवला, १९ एप्रिल २०११ ला अमेरिका आणि कॅनडात विक्री सुरू. ७ इंची पडदा, १ जीबी रॅम, एका वेळी अनेक ॲप्स सहज चालायची. किंमत ४९९ डॉलर, म्हणजे आयपॅड २ जिथून सुरू व्हायचा तीच.

आणि त्यात मेल नव्हता! कॅलेंडर नाही, संपर्कांची यादीही नाही. मेल बघायचा तर शेजारी ब्लॅकबेरी फोन हवा आणि 'ब्रिज' नावाच्या ॲपने दोन्ही जोडायचे. कंपनीचं म्हणणं होतं की मेल फोनवरच राहतो, टॅब्लेटवर काही साठत नाही, म्हणून तो सुरक्षित. ऑफिसच्या आयटी विभागाला हे पटण्यासारखं होतं. पण दुकानात पैसे मोजणाऱ्या माणसाकडे ब्लॅकबेरी नसेल तर त्याने काय करायचं? जगाला खिशातला मेल शिकवणाऱ्या कंपनीचा टॅब्लेट मेलविना विकायला ठेवला, यातच त्याचं नशीब ठरलं. टॅब्लेटमध्ये स्वतःचा मेल आला फेब्रुवारी २०१२ मध्ये, दहा महिन्यांनी.

आकडे बोलके आहेत. पहिल्या तिमाहीत ५ लाख टॅब्लेट रवाना झाले, दुसऱ्यात २ लाख, तिसऱ्यात दीड लाख. हे दुकानांकडे गेलेले आकडे, गिऱ्हाइकांनी घेतलेले नव्हेत. डिसेंबर २०११ मध्ये पडून राहिलेल्या मालापोटी ४८.५ कोटी डॉलरचा फटका हिशोबात धरावा लागला. भारतात जून २०११ मध्ये १६ जीबीचा प्लेबुक २७,९९० रुपयांना आला होता, तो वर्षअखेरीस १३,४९० वर आणला. तुमच्या बाबांनी बहुधा तेव्हाच घेतला असेल. त्या किमतीला तो फार चांगला सौदा होता.

पैशांपेक्षा मोठं नुकसान मला वेळेचं वाटतं. चांगले अभियंते टॅब्लेटवर गुंतलेले असताना फोन जुन्याच प्रणालीवर निघत राहिले. क्यूएनएक्सवर चालणारा पहिला फोन, झेड१०, जाहीर झाला ३० जानेवारी २०१३ ला. खरेदीनंतर जवळपास तीन वर्षांनी! तोवर ॲप लिहिणारे आयफोन आणि अँड्रॉइडकडे गेले होते, आणि ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईकही गेलं.

आता नोकऱ्या. जुलै २०११ मध्ये २,००० जण गेले. जून २०१२ मध्ये ५,००० जणांची कपात जाहीर झाली आणि त्याच दिवशी नवा फोन पुढच्या वर्षावर ढकलल्याचं सांगितलं. सप्टेंबर २०१३ मध्ये झेड१० न खपल्याने आणखी ४,५००, म्हणजे तेव्हाच्या मनुष्यबळाच्या सुमारे ४० टक्के. वॉटर्लू हे काही मुंबईएवढं शहर नाही. अशा गावात शेजारी, मुलाच्या वर्गातल्या मित्राचे वडील, समोरच्या घरातली बाई, सगळे एकाच कंपनीत असतात.

'नारळ दिला' असं आपण सहज म्हणतो. मी २००९ मध्ये एका दुसऱ्याच कंपनीत हे जवळून पाहिलंय. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा सकाळी मीटिंगला म्हणून गेला आणि परत आला तो पिशवी घ्यायला. त्याच्या कपात चहा तसाच होता. त्या प्रॉडक्टची दिशा त्याने ठरवली नव्हती, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून प्लेबुकवर लोक हसतात तेव्हा मला त्यात सामील होता येत नाही. तो कोड ज्यांनी लिहिला त्यांनी काम उत्तम केलं होतं.

पुढचं थोडक्यात. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीचे दोन्ही प्रमुख, लाझारिडिस आणि बाल्सिली, पायउतार झाले, त्यांच्या जागी थॉर्स्टन हाइन्स आले. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी पाच वर्षांनी टॅब्लेट ठेवायला कारणच उरणार नाही असं मत मांडलं आणि जूनमध्ये प्लेबुकला नवी प्रणाली मिळणार नाही हेही सांगून टाकलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये मूळचे हैदराबादचे प्रेम वत्स यांच्या फेअरफॅक्स या गुंतवणूक कंपनीने ब्लॅकबेरी विकत घेण्याचा बेत फिस्कटला, त्याऐवजी १ अब्ज डॉलर उभे राहिले आणि जॉन चेन प्रमुख झाले. २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणं थांबवलं.

पण कंपनी आहे. फोन नाही, टॅब्लेट नाही, मुख्यतः सॉफ्टवेअर. तेच क्यूएनएक्स आज, कंपनीच्या सांगण्यानुसार, जगभरातल्या २५ कोटींहून जास्त गाड्यांमध्ये आहे. काही गाड्यांत चालकासमोरचे वेगाचे आणि इंधनाचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यामागे तेच असतं.

राहता राहिला तुमचा टॅब्लेट. ४ जानेवारी २०२२ पासून जुन्या ब्लॅकबेरी प्रणालींच्या सगळ्या सेवा बंद झाल्या, त्यात प्लेबुकही आला, त्यामुळे नवीन काही करण्याच्या भानगडीत पडू नका. मागचा भाग फुगलेला वाटला तर चार्जिंगला अजिबात लावू नका, आधी जाणत्या माणसाला दाखवा. फुगलेला नसेल तर मायक्रो यूएसबी केबलने लावून ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी लगेच उठत नाही, काही तास धीर धरा. चालू झाला की त्याच केबलने कॉम्प्युटरला जोडून बघा. मागचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा होता आणि त्या काळी बरे फोटो काढायचा. बाबांनी काढलेले काही असतील तर आधी ते काढून घ्या.