प्रति: सात खेळाडू, एक लढाई आणि टेबलावरचे फोन

डी अँड डी ('डंजन्स अँड ड्रॅगन्स', टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र चालवायचा फाशांचा खेळ) खेळताना आपला नंबर येईपर्यंत लोक कंटाळतात, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं जुनं टेबलच आठवलं. सात खेळाडू, एका लढाईत अख्खी संध्याकाळ, निम्मे जण रील्स बघतायत, आणि ज्याचं कॅरेक्टर 'होल्ड पर्सन' या जखडून टाकणाऱ्या मंत्रात अडकलं तो पाऊण तास नुसता बसून. फोनबंदी करू का, असं विचारताय. करू नका. फोन काढून घेतलेत तर तीच माणसं पंख्याकडे बघत बसतील, आणि वर तुमच्यावर चिडतील.

फासे आधी टाकून ठेवा, स्पेलचं कार्ड हातात धरा, पुढच्याला 'तयार राहा' म्हणून सांगा, हे तुम्हाला इतर लोक सांगतीलच, मी सोडून देतो. (आम्ही डी अँड डीची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ ची पुस्तकं. २०२४ च्या नव्या नियमांवर मी बोलत नाही.)

आधी साधा हिशोब मांडा. इतर सहा जणांची प्रत्येकी तीन मिनिटं, राक्षसांसाठी तुमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमची, पाच. म्हणजे एकदा तलवार चालवली की पुन्हा नंबर लागेपर्यंत २३ मिनिटं. खेळातल्या घड्याळात हा राउंड असतो ६ सेकंदांचा! चारच खेळाडू असतील तर हीच वाट १४ मिनिटांवर येते, आणि राक्षसही कमी लागतात म्हणून प्रत्यक्षात आणखी कमी. बाकी सगळ्या युक्त्यांनी दोन-चार मिनिटं वाचतात. माणसं कमी केल्याने संध्याकाळ वाचते.

हे मी इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. पुण्यात आम्ही एका बोर्ड गेम कॅफेत खेळायचो, नाव घेत नाही. तिथे पैसे माणशी. मी पहिल्यापासून सांगत होतो की पाचच्या वर घेणार नाही. व्यवस्थापकांचं एकच पालुपद: "आठ बसवा, नाहीतर शनिवारचं टेबल दुसऱ्याला देतो." मग आठ. त्यातले तीन अगदी नवखे, कॅफेनेच इन्स्टाग्रामवरून गोळा केलेले. पंगतीत वाढपी एका टोकाला रेंगाळला की दुसऱ्या टोकाची माणसं मीठ-लिंबू चाटत बसतात, तशी गत. टेबलाच्या त्या टोकाला क्लेरिक (जखमा बऱ्या करणारं पात्र) खेळणारी एक मुलगी होती. तिने आधी फासे रंगाप्रमाणे लावले, मग आकाराप्रमाणे, मग कॉफीबरोबर आलेल्या साखरेच्या पुड्यांचा मनोरा केला. टर्न आला तेव्हा कोण जखमी आहे हेच तिला माहीत नव्हतं, आणि शेजारचा तिच्यावर खेकसला. ती परत आली नाही. तिचं काय चुकलं?

तक्रार केली तर कॅफेवाल्यांनी काय करावं? टेबलावर वेताची टोपली आणून ठेवली, फोन टाकायला. लोक गळत गेले, मोहीम अर्ध्यात बंद पडली, आणि आगाऊ भरलेले पैसे "पॉलिसीत बसत नाही" म्हणून परत मिळाले नाहीत. असो. अजून राग येतो, म्हणून लांबलं.

आता तुमचा तो अडकलेला खेळाडू. होल्ड पर्सन जास्तीत जास्त एक मिनिट टिकतं, म्हणजे दहा राउंड, आणि सुटायचा फासा मिळतो आपल्या प्रत्येक टर्नच्या शेवटी एकदा. नियम वाचताना हे उदार वाटतं. तुमच्या टेबलावर त्याचा अर्थ एक फासा, फसला, पुन्हा २३ मिनिटं. अशा वेळी मी त्याच्या हातात सरळ दोन गॉब्लिन (छोटे राक्षस) देतो. मित्रांना बदडायला मिळतंय म्हटल्यावर माणूस पेटतो. यात माझं डोकं काही नाही. १९८७ च्या 'आर्स मॅजिका' या अशाच खेळामध्ये हे मुळातच आहे: तुमचा जादूगार प्रयोगशाळेत बसला असेल तर तुम्ही गटाच्या सामाईक शिपायांपैकी एखादा घेऊन खेळायचं. पाच-सहा ओळींचा राक्षस कागदावर लिहून द्या, पुस्तक देऊ नका, नाहीतर तो वाचत बसेल.

पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, फुटली तर घाई करून एकत्र आणू नका, फक्त प्रसंग तोडायची जागा नीट निवडा. 'शॅडोरन' या दुसऱ्या अशाच खेळाच्या खेळाडूंची जुनी तक्रार प्रसिद्ध आहे: हॅकर कॉम्प्युटरच्या जाळ्यात शिरला की बाकीच्यांनी खाऊन-पिऊन यावं. तुमचा 'रोग' (चोरट्या पावलांचं पात्र) एकटा टेहळणीला जातो तेव्हा नेमकं हेच होतं. कुलूप उघडलं, आत कुणीतरी खोकलं, तिथेच थांबा आणि दुसऱ्या गटाकडे वळा. फासा टाकल्यावर निकाल सांगायच्या आधी वळलात तर आणखी उत्तम.

इनिशिएटिव्हबद्दल, म्हणजे लढाईत कुणाचा नंबर आधी ते ठरवण्याबद्दल, माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक बाजूने एकच सहाचा फासा टाकायचा, जिंकेल ती बाजू आधी. मी पाचव्या आवृत्तीतही तेच करतो. सगळे एकदम बोलायला लागतात, "तू दार धर, मी याला ओढतो," आणि कुणी एकटा वाट बघत नाही. तोटा असा की पहिल्याच झटक्यात एखादी बाजू झोपू शकते आणि मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचे निर्णय घ्यायला लागतो. तसा कुणी तुमच्याकडे असेल तर करू नका.

आणखी एक, राक्षसांच्या वाराचे फासे मोजू नका. गॉब्लिनच्या तलवारीपुढे ५ हा सरासरी आकडा पुस्तकात छापलेलाच आहे, तोच सांगा.

बाजारहाट टेबलावर नकोच. लोहाराशी घासाघीस एकाला मजा, सहा जणांना शिक्षा. २०१७ च्या 'झॅनॅथर्स गाइड' या डी अँड डीच्या पुस्तकाप्रमाणे जादुई वस्तू शोधायला किमान कामाचा एक आठवडा आणि १०० सोन्याची नाणी लागतात; हे सगळं आम्ही मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर उरकतो.

एक मात्र तपासा. गप्प बसलेला प्रत्येक जण कंटाळलेला नसतो. आमच्यात एक काका आहेत, टर्नला दोन वाक्यं बोलतात आणि आठवडाभर त्याच प्रसंगावर मेसेज करतात. त्यांच्या हातात गॉब्लिन दिला तर त्यांनाच त्रास. तेव्हा आधी एकेकाला वेगळं गाठून विचारा, सगळ्यांसमोर नको.

सातांचे दोन गट करणार असाल तर दुसरा डीएम तुमच्या सातांतूनच निघेल, बाहेर शोधू नका. आणि जागा भाड्याने घेताना एका टेबलाला किती माणसं हे आधी मेसेजवर लिहून घ्या, मगच पैसे भरा.