२०१२ च्या डेस्कटॉपवर विंडोज ११ टाकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा २०१२ चा डेस्कटॉप आहे: आय३-२१२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. बँकेची साइट उघडत नाही, बटण दाबून चहा करून आलं तरी मशीन तयार नसतं, आणि चाळीसगावातला दुकानदार म्हणतो भंगारात घाला. विंडोज ११ चालेल का आणि वडिलांनी मराठीत टाइप केलेली कागदपत्रं टिकतील का, एवढं तुम्हाला हवंय.

आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख दहा-बारा वर्षं मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपलीय. तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मान्य करत नाही आणि बँकच काय, कुठलीच साइट धड उघडत नाही. ही बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते. तारीख बरोबर असेल, तर मात्र दुखणं जुनेपणाचं. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ मधली. त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.

आता विंडोज ११. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा दुसऱ्या पिढीचा. नियम चुकवून बसवण्याच्या युक्त्या आहेत, आणि ‘विंडोज मारून देतो’ म्हणणारा कुणीतरी ती मारूनही देईल. पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी नाही. शिवाय विंडोज ७ ची जुनी किल्ली (प्रॉडक्ट की) लावून नवी विंडोज चालू करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली. म्हणजे एकतर परवाना विकत घ्या, नाहीतर क्रॅक केलेली वापरा. क्रॅक केलेल्या विंडोजवर वडिलांचं खातं उघडायचं असेल तर त्यापेक्षा विंडोज ७ परवडली, असं मी म्हणेन. विंडोज १० चा विचारही सोडा, तिचाही नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

माझ्या मामांचं अमळनेरला खत-बियाण्यांचं दुकान होतं. त्यांचंही असंच मशीन. मी ते हातात घेतलं तेव्हा अंगात उत्साह फार. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, डी ला हात लावला नाही, म्हणजे सगळं सुरक्षित, असा हिशोब. पण डेस्कटॉपवर ठेवलेलं आणि माय डॉक्युमेंट्समधलं सगळं सी वरच असतं. मावसबहिणीच्या हळदीचे फोटो गेले, ते अजूनही मला ऐकवले जातात. उधारीची यादी डी वर होती म्हणून वाचली, पण उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मामा म्हणाले, “मन्ही उधारी कथा गई रे?”

उधारी कुठे गेली नव्हती, गेला होता फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत, रुळायच्या आधी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरांचेच संकेत, मराठी दिसते ती फक्त फॉन्टमुळे. फॉन्ट सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये राहतो, आणि तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता. नशिबाने बाजारातल्या एका टायपिंगवाल्याकडे तोच फॉन्ट निघाला. एका यादीसाठी मी मे महिन्यातल्या दुपारी अख्खं अमळनेर पालथं घातलं.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट जोर देऊन सांगतो: जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करूच नका. २५६ जीबीची साटा एसएसडी (काही न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, जुनी डिस्क काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि नवी सिस्टिम एसएसडीवर टाका. काही राहून गेलं तर ते कपाटात आहे. आणि वेगाचं म्हणाल तर चहाचा वेळ त्या फिरत्या डिस्कमुळेच जातो. तुमच्या प्रोसेसरबरोबर बहुतेक एच६१ चिपसेटचा बोर्ड असेल, त्याचे साटा पोर्ट जुन्या, निम्म्या वेगाचे असतात. तरी फरक डोळ्यांना दिसतो. रॅम ८ जीबी करा, मात्र डीडीआर३ च मागा, डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही.

एसएसडीवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकीन. मिंट २२ फुकट आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि काही इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालवून बघा. आवाज येतो का, नेट लागतं का आणि मुख्य म्हणजे प्रिंटर चालतो का. मामांचा जुना लेझर प्रिंटर तिथे अडला होता. जुन्या डिस्कवरून फॉन्टच्या फाइली उचलून मिंटमध्ये टाकल्या की जुनी कागदपत्रं वाचता येतात, छापता येतात. त्या सॉफ्टवेअरचा किबोर्ड मात्र तिथे चालत नाही. नवीन मजकूर युनिकोडमध्ये लिहावा लागेल, त्यासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा किबोर्ड मिळतो. वडिलांचा हात ज्या किबोर्डवर बसलाय तो सोडायला ते तयार आहेत का, हे त्यांनाच विचारा, परस्पर ठरवू नका.

वडील हिशोबासाठी टॅली वापरत असतील तर मिंटचा नाद सोडा, ते विंडोजसाठी बनलेलं आहे. तेव्हा आठव्या पिढीचा वापरलेला ऑफिसचा डेस्कटॉप शोधा आणि त्यावर रीतसर विंडोज ११ घ्या. हे मशीन मग जुन्या फाइलींपुरतं, नेटशिवाय राहू द्या.

डबा उघडलाच आहे तर पंख्याखालची धूळ ब्रशने काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा मशीन आपोआप बंद पडतं ते बरेचदा याच मातीमुळे, आणि दोष जातो विंडोजला. इन्स्टॉल चालू असताना लाइट जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरवर लावा.

आणि यातलं काहीही करायच्या आधी, आजच संध्याकाळी, वडिलांची एक जुनी फाइल उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव काय दिसतं ते कागदावर लिहून ठेवा. ते मला कळवलंत तर पुढचं सांगतो.