थंडीत मंद, गरम केलं की चमकतं, असं कसं?

प्रश्न : मी बडोद्यात एमएस्सी करतेय, घर दांडिया बाजारात. लॅबमधे पीथ्रीएचटी नावाचं पॉलिमर टोल्युइनमधे विरघळवून ठेवलं होतं. जानेवारीत सकाळी बघते तर बाटली जांभळट आणि यूव्ही टॉर्चखाली अगदीच मंद. गरम पाण्यात धरली तर केशरी होऊन मस्त चमकायला लागली. पुस्तकात तर तापमान वाढलं की फ्लुरोसन्स, म्हणजे उजेड शोषून परत चमकणं, कमी होतो असं लिहिलंय, मग खोटं कोण?

उत्तर : कोणीच नाही गं. पॉलिमरचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी, पुस्तक अशा एकट्या साखळीबद्दल बोलतंय आणि तुझ्या बाटलीत साखळ्या घोळक्याने बसल्यात. थंडीत तूप थिजतं ना, जवळपास तसंच, टोल्युइन गार झालं की या साखळ्या सरळ होऊन एकमेकींना चिकटतात, थरावर थर, म्हणून तो जांभळा रंग, आणि मग शोषलेली ऊर्जा हिच्याकडून तिच्याकडे सरकत बसते आणि बरीचशी उजेड न देताच उष्णता होऊन संपते. गरम केलं की थर सुटतात, साखळ्या पिळवटतात, रंग केशरी होतो आणि सुट्या साखळ्या नीट चमकतात.

पुस्तकातलं बघायचंय? तेच पॉलिमर क्लोरोफॉर्ममधे अगदी पातळ करून घे, तिथे ते आधीच सुटं असतं, त्यामुळे गरम केलंस की चमक उतरेलच, कारण रेणू जास्त थरथरतात आणि ऊर्जा त्यातच जाते. फक्त क्लोरोफॉर्म 61 अंशाला उकळतं, 50 च्या वर जाऊ नकोस. टोल्युइन पेट घेतं, तेव्हा वॉटर बाथ आणि तोही फ्यूम हूडमधेच (वाफा ओढून घेणारं लॅबमधलं कपाट), गॅस-बिस तर नकोच!

आणि टॉर्चवर फार विसंबू नकोस. रंग बदलला म्हणजे यूव्ही किती शोषला तेही बदललं, मग "चमक वाढली" म्हणायचं कशाच्या जोरावर? आधी अ‍ॅब्सॉर्बन्स घे, म्हणजे द्रावण किती उजेड शोषतंय ते मोज. थर्मामीटरही क्युव्हेटमधल्या (मोजणीसाठीची छोटी पारदर्शक कुपी) द्रावणाचं तापमान दाखवणारा हवा, खोलीचं नको. माझी एकदा पावसाळ्यात अर्धी दुपार गेली, गार केलं की चमकेचं रीडिंग पडायचं, मी आपलं थिअरी लावत बसले, शेवटी बघितलं तर गार क्युव्हेटच्या बाहेर दव धरलेलं. टिश्यूने पुसलं, रीडिंग जागेवर.