यकृतरक्षक अर्काचा विषय का टाळावा?

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेवर संशोधन करणाऱ्या विषशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे मला पीएच.डी. करायची आहे. त्यांना ‘पॅरासिटामॉलच्या विषबाधेत यकृताचं रक्षण करणारा वनस्पतीचा अर्क’ हा विषय सुचवू का? प्राण्यांवर प्रयोग करावेच लागतात का? पुढे नोकरी कुठे मिळते?

उत्तर : मार्गदर्शक चांगले निवडले आहेत, विषय मात्र बदला. उंदराला आधी अर्क पाजायचा, मग पॅरासिटामॉल टोचायचं आणि रक्तातलं एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, रिपोर्टवरचं एसजीपीटी) कमी दिसलं की अर्काला यकृतरक्षक ठरवायचं, अशा शोधनिबंधांचा ढीग पडला आहे. त्यांतल्या कित्येकांचा पायाच कच्चा असतो.

पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृतात ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेट जोडला जाऊन निरुपद्रवी होतो. थोड्या भागापासून मुख्यतः सीवायपी२ई१ हे एन्झाइम एनएपीक्यूआय नावाचं विष बनवतं. नेहमीच्या मात्रेत पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन त्याला निकामी करतं. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपतं, विष मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांना चिकटतं आणि पेशी मरू लागतात. मध्यशिरेभोवतीच्या पेशी आधी जातात, कारण हे एन्झाइम तिथेच जास्त असतं.

आता समजा, अर्काने फक्त हे एन्झाइम दाबलं. मग विष बनणारच नाही. एएलटी छान खाली येईल आणि पेशींच्या रक्षणाबद्दल काहीच कळलेलं नसेल. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर आणखी पंचाईत, कारण डीएमएसओ स्वतःच सीवायपी२ई१ला अडवतं. म्हणून नियंत्रण गटाला नुसतं सलाइन देऊन चालत नाही. तेवढंच डीएमएसओ त्यालाही द्यावं लागतं. शक्य असेल तर ते वापरूच नये.

खरं-खोटं करायला दोन गोष्टी पुरतात. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदरांना किलोमागे ३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल कोमट सलाइनमधून दिल्यावर अर्ध्या तासाने यकृतातलं ग्लुटाथायोन मोजा. दोन्ही गटांत ते सारखंच घसरलं, तर विष दोन्हीकडे बनलं. अर्काच्या गटात घसरण कमी दिसली, तर अर्काने बहुधा चयापचयच अडवलं. दुसरं म्हणजे अर्क आधी न देता दीड-दोन तासांनी द्या. तोवर विष बनण्याचा टप्पा बव्हंशी उरकलेला असतो. सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या ‘जे’ आणि ‘एन’ उपजातींची सरमिसळ करू नका, त्यांना होणारी इजा सारखी नसते. आणि रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर एएसटी (एएलटीसोबत मोजलं जाणारं दुसरं एन्झाइम) उगाच वाढलेलं दिसतं.

प्राण्यांवरचे प्रयोग सगळ्यांनाच करावे लागतात असं नाही, पेशींवरही पुष्कळ काम चालतं. तिथेही एक खड्डा आहे. हेपजी२ पेशी (माणसाच्या यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या) स्वस्त आणि वाढवायला सोप्या, पण त्यांच्यात सीवायपी२ई१सारखी सीवायपी गटातली एन्झाइम नावापुरतीच असतात. पॅरासिटामॉलपासून विष बनण्याचा अभ्यास त्यांच्यावर करणं फुकट आहे. हेपाआरजी ही दुसरी पेशीमालिका किंवा माणसाच्या यकृतातून काढलेल्या ताज्या पेशी बऱ्या, फक्त त्या ताज्या पेशी साध्या डिशमध्ये काही दिवसांतच आपले गुण गमावतात.

माझ्या मते, तुमच्यासारख्याला जास्त वाव पॅरासिटामॉलच्या बाहेर आहे. नेहमीच्या मात्रेतच, पण मोजक्या लोकांना होणारी इजा हे या विषयातलं खरं कोडं. फ्लुक्लोक्सासिलिन या प्रतिजैविकामुळे होणाऱ्या इजेचा एचएलए-बी*५७:०१ या जनुकप्रकाराशी घट्ट संबंध २००९ मध्ये दिसला. तरीही तो प्रकार असलेल्या बहुतेकांना हे औषध घेऊन काहीच होत नाही. का होत नाही, हा पीएच.डी.च्या तोलाचा प्रश्न आहे.

त्यासाठी रुग्णांचे रिपोर्ट वाचता आले पाहिजेत. समजा, एएलटी ८०० आहे आणि त्याची वरची मर्यादा ४०, म्हणजे २० पट. अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) २४० आणि मर्यादा १२०, म्हणजे २ पट. २० भागिले २ म्हणजे १०. हा आकडा ५ किंवा जास्त असला तर इजा यकृतपेशींची, २ किंवा कमी असला तर पित्त अडल्याची, मधला असला तर मिश्र. पेशींच्या इजेत बिलिरुबिनही मर्यादेच्या दुपटीवर गेलं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर धोका मोठा. अशा दहातला साधारण एक रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागतं. मात्र हिपॅटायटिस ई (विषाणूमुळे होणारी कावीळ) तपासल्याशिवाय औषधावर ठपका ठेवू नका.

नोकऱ्या औषध कंपन्यांच्या सुरक्षा-चाचणी विभागात, कंत्राटी संशोधन संस्थांत, औषध नियामकांकडे आणि फार्माकोव्हिजिलन्समध्ये (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामात) असतात. शेवटच्या दोन ठिकाणी हाताने प्रयोग करण्यापेक्षा रुग्णांच्या नोंदी चिकित्सकपणे वाचण्याला किंमत आहे. संख्याशास्त्र आणि आर ही संगणकभाषा आत्ताच शिकायला घ्या.

प्राध्यापकांना ई-मेल दीडशे शब्दांत लिहा. त्यांचा एक अलीकडचा शोधनिबंध निवडा, त्यातला कोणता नियंत्रण गट का ठेवला असावा ते एका वाक्यात मांडा आणि त्यावर तुमचा एकच प्रश्न विचारा. हाताला सवय असलेली तंत्रं (वेस्टर्न ब्लॉट, पेशीसंवर्धन, जे असेल ते) खरी तेवढीच लिहा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा.