भूतानच्या ८ दिवसांच्या गाईडेड पक्षीनिरीक्षण टूरमध्ये खरंच ३०० प्रजाती दिसतात का? लेन्स कोणती न्यावी?

नाही दिसत. तुम्ही लिहिलंय की पुण्याहून १२ जणांचा ग्रुप एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. मार्ग पारो, थिंफू, पुनाखा, फोब्जिखा, बुमथांग आणि त्याच रस्त्याने परत पारो. पत्रकावर काळ्या मानेच्या क्रौंचांचा फोटो आहे, खाली ‘३०० हून अधिक प्रजाती’ छापलंय, आणि गाईडकडे पक्ष्यांचे आवाज वाजवणारा दमदार स्पीकर असल्याने पक्षी हमखास समोर येतात असं आयोजक सांगतात. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो. त्यावर येतोच, आधी फोटोचं बघू.

हे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरच्या अखेरीस फोब्जिखात उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जातात. एप्रिलमध्ये तिथे क्रौंच नसतात. उलट सॅटिर ट्रॅगोपॅन या रानकोंबडीच्या कुळातल्या तांबड्या पक्ष्याचा नर पहाटे ओरडायला लागतो तो मार्चच्या मध्यापासून. क्रौंच आणि ट्रॅगोपॅन एकाच टूरमध्ये देतो म्हणणाऱ्याने हंगामाचा विचारच केलेला नाही.

भूतानच्या यादीत ७०० हून जास्त प्रजाती आहेत, त्यामुळे ३०० हा आकडा कागदावर सहज खपतो. पण तो तीन आठवड्यांत देश आडवा पार करणाऱ्या टूरला शोभतो. शिवाय त्यात नुसते ऐकलेले, एकट्या गाईडला दिसलेले आणि पहिल्या गाडीला दिसून दुसरीला न दिसलेले पक्षीही धरलेले असतात. ८ दिवसांत दीडशे-पावणेदोनशे पक्षी नीट पाहिलेत, म्हणजे भुवई कशी होती, पंखावर पट्टी होती का, हे पुस्तक न उघडता सांगता येईल असे पाहिलेत, तर टूर उत्तम झाली असं समजा.

तुमच्या मार्गाचा खरा दोष वेगळाच आहे. जिथून मजा सुरू होते तिथूनच तो मागे फिरतो. बुमथांगच्या पुढे उरा, मग थ्रुमशिंग ला ही पावणेचार हजार मीटरच्या आसपासची खिंड. तिथून रस्ता फ्रुमसेंगला राष्ट्रीय उद्यानातून सेंगोर, नामलिंग, यॉंगकोला करत साधारण ६५० मीटरवरच्या लिंगमेथांगला उतरतो. तीन हजार मीटरचा उतार आणि दोन्ही बाजूंना जवळपास अखंड जंगल. खिंडीजवळ फर आणि ऱ्होडोडेंड्रॉन, तिथे ब्लड फेझंट, मोनाल, नशीब असेल तर फुलांवर फायर-टेल्ड मायझॉर्निस. सेंगोरच्या आसपास हेमलॉक आणि बांबू, तो ट्रॅगोपॅनचा पट्टा. नामलिंगच्या ओल्या रुंदपर्णी जंगलात वॉर्ड्स ट्रोगन, म्हणजे आपल्या कर्ण्याचा हिमालयातला भाऊबंद. यॉंगकोलाच्या बाजूला तांबड्या मानेचा धनेश, ब्यूटिफुल नटहॅच आणि जमिनीलगत लपून वावरणाऱ्या छोट्या रेन-बॅब्लरांची अख्खी फौज. दर तीनचारशे मीटरला पर्णवटवट्येसुद्धा बदलतात. मुख्य रस्त्यावरून चालत हे सगळं पाहायला मिळावं असा दुसरा रस्ता हिमालयात क्वचितच असेल.

पारोहून जाऊन-येऊन हे ८ दिवसांत बसत नाही, कारण नुसत्या गाडीतच जाताना दोन-तीन दिवस आणि येताना तितकेच जातात. म्हणून माझं स्पष्ट मत: पश्चिम भूतान सोडा. गुवाहाटीला उतरा, सामद्रुप जोंगखारहून आत शिरा. पहिली रात्र तिथेच किंवा वर देवथांगला, दुसरी त्राशिगांगला, पुढच्या तीन यॉंगकोलाला, मग खिंड ओलांडून एक रात्र बुमथांग किंवा त्रोंगसाला, शेवटच्या दोन झेमगांगखालच्या तिंगतिबीला आणि गेलेफूहून बाहेर, परत आसामात. या ८ रात्री होतात, म्हणजे टूर एका दिवसाने वाढवा. त्रोंगसा ते तिंगतिबी या पट्ट्यात सोनेरी वानर आणि धनेश. एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही. भारतीयांना दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, म्हणजे ८ रात्रींचे ९,६०० रुपये. हे हॉटेल-गाडी-गाईडच्या खर्चात धरलंय की वेगळं, हे विचारून घ्या, बऱ्याच पत्रकांत ते तारांकित तळटिपेत असतं.

आता स्पीकर.

नामलिंगच्या खाली एका वळणावर झरा रस्ता ओलांडतो आणि वरच्या बाजूला शेवाळलेल्या फांद्यांचं छत आहे. वॉर्ड्स ट्रोगनची ती ठरलेली जागा, सगळ्या गाईडांना ठाऊक असलेली. आम्ही पोचलो तेव्हा दुसरा एक ग्रुप आधीच उभा होता, आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. गाडीच्या बॉनेटवर स्पीकर आणि त्यावर ट्रोगनचा कॉल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, सलग सुरू. नर आला, अगदी लगेच आला. रस्त्याच्या या बाजूच्या फांदीवरून त्या बाजूला, परत इकडे, शेपूट दाबत, पिसं फुलवत. समोरच्यांना फोटो मिळाले. मागच्यांना मिळाले नव्हते म्हणून कॉल पुन्हा लावला, मग आणखी कुणाला ‘क्लीन बॅकग्राउंड’ हवी होती म्हणून पुन्हा. वीसेक मिनिटांनी नराने उत्तर देणंच बंद केलं आणि तो छतात वर निघून गेला. ग्रुप खूष होऊन गाडीत बसला. आम्ही त्या भागात होतो तोवर त्या वळणावर ट्रोगनचा आवाज परत ऐकू आला नाही.

त्या ग्रुपच्या म्होरक्याशी तिथेच बोललो. त्यांचं म्हणणं होतं, “लोक पैसे भरून आलेत, एक पक्षी, वीस मिनिटं, काय बिघडलं?” वाद पुढे पुण्यातही चालू राहिला, आणि अजून मिटलेला नाही. म्हणून उत्तर इथे सविस्तर देतो.

बिघडतं ते असं. तो रस्ता एकच आहे आणि हंगाम एप्रिल-मेचा. ठिकाणांच्या खुणा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असल्याने प्रत्येक ग्रुप त्याच वळणांवर थांबतो. तुमच्या दृष्टीने ती एकदाची वीस मिनिटं असतात, त्या नराच्या दृष्टीने रोज सकाळी नवा घुसखोर असतो. प्रजननाच्या काळात तो चारा आणणं, मादीवर लक्ष ठेवणं सोडून हद्द सांभाळायला उघड्यावर येतो, आणि उघड्यावर शिक्रेही असतात. काही दिवसांनी तो कॉलला दाद देईनासा होतो आणि मग लोक म्हणतात, इथले ट्रोगन कमी झाले. शिवाय कॉलने आलेला पक्षी चिडलेला असतो, त्याचं वागणं पाहिलं असं म्हणता येत नाही.

बिनस्पीकरची पद्धत हळू आहे, पण चालते. ट्रोगन ताठ, स्तब्ध बसतो आणि बराच वेळ जागा बदलत नाही. तेव्हा मधल्या उंचीच्या आडव्या फांद्या दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे सावकाश तपासायच्या, मग जरा वर सरकून पुन्हा. त्याच दिवशी थोडं खाली, दुसऱ्या ओढ्यापाशी आम्ही अशाच बसलो होतो आणि पिवळ्या पोटाची मादी समोर येऊन किडे टिपत राहिली. रेन-बॅब्लरांसाठी नेच्यांनी भरलेली घळ निवडायची, चार-पाच जणांनीच बसायचं, वीस मिनिटं हात-पाय हलवायचे नाहीत. वेगवेगळ्या प्रजातींचा मिश्र थवा दिसला की त्याच्या मागे धावायचं नाही. तो कोणत्या दिशेने सरकतोय ते बघून शंभर पावलं पुढे जाऊन थांबायचं, म्हणजे तो अंगावरून जातो. पहिल्या दोन पक्ष्यांचे फोटो काढत बसलात तर थव्याच्या शेपटाला येणारे कुटिया, ब्यूटिफुल नटहॅच हुकतात.

आमच्याकडच्या ‘स्पीकरशिवाय काही दिसत नाही’ म्हणणाऱ्यांना आणखी एक आठवण. बुगुन लिओसिक्ला ही पक्ष्याची नवी प्रजाती संशोधक रमणा अथ्रेया यांनी २००६ मध्ये शेजारच्या अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यातून जगासमोर आणली. एकही पक्षी न मारता, पिसं, फोटो आणि आवाजाच्या नोंदींच्या आधारावर. पक्ष्याला कमीत कमी त्रास देऊन इतकं मोठं काम होऊ शकतं, मग आपल्या यादीतल्या एका टिकसाठी वीस मिनिटं कॉल कशाला लागतो?

म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी लेखी विचारा. एक, गाईड पक्ष्यांचाच आहे का, आणि त्याचं नाव काय. भूतानमध्ये मठ-मंदिरं दाखवणारे परवानाधारक गाईड पुष्कळ आहेत, पक्ष्यांचे कमी, आणि एप्रिलमध्ये ते कितीतरी आधी ठरलेले असतात. नाव सांगता येत नसेल तर गाईड ठरलेलाच नाही. दोन, एका गाईडमागे माणसं किती. सहाच्या वर नको. रस्त्याकाठच्या झुडपातला पक्षी तीन सेकंद दिसतो, बारा जणांत मागच्या आठांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. तीन, ट्रॅगोपॅनसाठी कुठून किती वाजता निघणार. यॉंगकोलाहून सेंगोरला चढायला दीड-दोन तास लागतात आणि एप्रिलात साडेपाचच्या आत उजाडतं, म्हणजे तीनच्या सुमारास निघायला हवं आणि नाश्ता वर रस्त्याकाठी. ‘हॉटेलचा नाश्ता करून सहाला’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. फेझंटवर्गी पक्षी पहाटे रस्त्याच्या कडेला येतात आणि पहिली गाडी गेली की आत जातात, दुसऱ्या गाडीला फक्त पिसं हलताना दिसतात.

लेन्स. १००-४०० मिमीची पुरते, हातात धरून वापरता येते आणि ती गळ्यात असताना दुर्बीणही वापरता येते. १५०-६०० नेलीत तर ट्रायपॉड आला, आणि ट्रायपॉड उभा करेपर्यंत थवा दरीत. जंगल अंधारं आहे, आयएसओ ३,२०० ते ६,४०० धरूनच चाला. फ्लॅश नको. रात्री खोलीत बुखारी म्हणजे शेगडी पेटलेली असते, बाहेरच्या थंडीतून कॅमेरा थेट आत नेलात तर काचेवर आतून बाहेरून दव धरतं. बॅग बंद ठेवून तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. पण खरा खर्च करायचा तर दुर्बिणीवर करा. १०×४२ नको, ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर, १० ने भागलं की ४.२. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ती रुंदी, आणि हेमलॉकखाली पहाटे हाच फरक जाणवतो. शिवाय ८ पटीत दृश्य रुंद मिळतं, हलता थवा सापडतो. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपायीवरची एकडोळी मोठी दुर्बीण, ग्रुपमध्ये एक बास. आणि सळसळणारा विंडचीटर घरी ठेवा, छत्री न्या, पूर्वेकडे एप्रिलात दुपारी पाऊस येतो.

हे सगळं एप्रिल-मेचं. नोव्हेंबर ते जानेवारीत जाणार असाल तर उलट: फोब्जिखात दोन रात्री हव्यातच, ट्रॅगोपॅन विसरा, आणि नदीकाठी आयबिसबिल, वॉलक्रीपर शोधा. सोबत पक्षी न पाहणारं कुणी असेल तर मी सांगितलेला पूर्वेचा मार्ग त्यांच्यावर लादू नका, लांबचे घाट आणि साधी हॉटेलं आहेत. दरडी कोसळून रस्ता अर्धा दिवस बंद राहू शकतो, तेवढी सवड परतीच्या विमानात ठेवा.

पैसे भरून झाले असतील आणि मार्ग बदलणं शक्यच नसेल, तर निदान एवढं पदरात पाडून घ्या. चेले ला ही खिंड ३,९८८ मीटरवर आहे आणि पारो सव्वादोन हजारांवर. आल्याच्या दुसऱ्याच पहाटे तिथे नेतात आणि निम्मा ग्रुप डोकं धरून गाडीत बसतो. तो दिवस टूरच्या शेवटी ठेवायला सांगा. फोब्जिखाची एप्रिलची रात्र काढून पुनाखात दुसरी रात्र घ्या आणि मो छूच्या काठाने ताशीथांगपर्यंतचा रस्ता सकाळी पायी करा. तिथल्या नद्यांच्या उथळ, गोट्यांच्या पात्रात पांढऱ्या पोटाचा बगळा मासे धरतो. जगभरात ६० हूनही कमी उरल्याचा अंदाज आहे. दिसला तर गाडी थांबवून रस्त्यावरूनच स्कोप लावा, नदीत उतरू नका, आणि स्पीकर त्या दिवशी हॉटेलवरच ठेवायला आयोजकाला आधीच सांगून ठेवा.